पाठ नसलेला कोट

“हनुवटी स्वल्प वर. आणखी. साकु, पुरे. आता माझ्याकडं नको, माझ्या पलीकडं बघा. श्वास धरा.”

हा आवाज विझून कितीतरी वर्षं झाली, मित्रांनो. तरी कुणी मला हातात घेऊन झटकलं की तो माझ्या रिकाम्या बाह्यांत घुमतो. त्या आवाजाचा धनी हयग्रीवराव. म्हैसूरच्या शिवरामपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. तो ज्यांना श्वास धरायला सांगायचा, त्यांच्या अंगावर मी असायचो.

मी एक जुना कोट आहे. काळ्या सर्ज कापडाचा, बंद गळ्याचा, पाच बटणांचा. समोरून पाहिलंत तर नमस्कार कराल. मागून पाहिलंत तर हसाल, कारण मला पाठच नाही. गळ्यापासून खालच्या काठापर्यंत मी सरळ उघडा आहे आणि दोन्ही कडांना नाड्यांच्या चार जोड्या आहेत. जाडा माणूस आला की नाड्या सैल सोडायच्या, बारीक आला की ओढून बांधायच्या. माणूस कुठल्याही मापाचा असो, फोटोत मी त्याच्यासाठीच बेतलेला दिसायचो. फोटोला पाठ लागत नाही.

मला असं बेतलं ते वेंकोबा शिंप्यानं. त्याचं घराणं म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या, ते त्यालाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि रागावला की दोन्ही एकदम. कपाळाला विठ्ठलाचा काळा बुक्का, गळ्यात मापाची टेप आणि सदऱ्याच्या कॉलरला खोचलेली दोरा ओवलेली सुई. गालांवर देवीचे वण होते, खोल, पावसाचे टपोरे थेंब पडून सुकलेल्या मातीसारखे. सहाव्या वर्षी त्याला देवी आल्या होत्या. तो वाचला. त्याची धाकटी बहीण वाचली नाही.

राज्यांची नवी आखणी होऊन वर्षही झालं नव्हतं. म्हैसूर राज्य एकाएकी मोठं झालं होतं आणि निवडणूक दाराशी आली होती. खेड्यापाड्यांतून उमेदवार फोटोला येतील, पण सगळ्यांकडे कोट कुठून असणार, म्हणून हयग्रीवरावानं माझी कल्पना काढली. तो आणि वेंकोबा एका बाकावर बसून शिकलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं सरळ कधी व्हायचंच नाही. हयग्रीवराव म्हणाला, “शिंप्या, एकच कोट शीव, पण साऱ्या तालुक्याला बसला पाहिजे.” वेंकोबानं टेप त्याच्याच पोटाभोवती गुंडाळली आणि म्हणाला, “तुला बसला म्हणजे तालुक्याला बसेलच की.”

चार दिवसांत त्यानं मला शिवून आणलं. माझी शेवटची टीप घालून दोरा दातानं तोडला तेव्हा त्याचा गाल माझ्या कापडाला घासला. त्या खरखरीत गालाचा स्पर्श हा माझा पहिला स्पर्श. तो मी विसरलो नाही.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. स्टुडिओच्या छताला उत्तरेकडे काच होती, तिच्यातून दुपारभर दुधासारखा उजेड उतरायचा. भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याच्या पायऱ्या आणि दोन खांब. खुंटीवर मी, माझ्या शेजारी जरीचा पेटा, खाली फळीवर बिनकाचेचा चष्मा. काच असली तर तिच्यात उजेड चमकतो आणि डोळे दिसत नाहीत, म्हणून नुसत्या काड्या. माझ्या खिशाला पेनाचं टोपण अडकवलेलं असायचं. त्याच्याखाली पेन नव्हतं.

वरुणेकडचे एक ऊसवाले शेतकरी आले होते. त्यांनी उभ्या जन्मात पुस्तक धरलं नव्हतं, पण चष्मा चढवल्यावर ते चार कायदे लिहिलेल्या माणसासारखे दिसू लागले. बेट्टदपुराकडून एक मास्तर आले, अगदी किरकोळ बांध्याचे. हयग्रीवरावानं कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणला आणि मास्तर डोंगराएवढे झाले. उन्हानं रापलेले हात असले तर तो ते खुर्चीच्या हातामागे ठेवायला सांगायचा. उजेड एका बाजूनं आणि जरा वरून आला की चेहऱ्याला भार येतो, हे त्याला ठाऊक होतं. आणि एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा, की फोटोतून सरळ आपल्याकडे बघणारा माणूस शेजारी वाटतो आणि पलीकडे बघणारा मोठा वाटतो. मत मोठ्या माणसाला मिळतं, असं त्याचं गणित.

उरलेलं काम त्याच्या बायकोचं, गोदावैनीचं. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर उतरायचा आणि तिच्यावर सारं उलटं दिसायचं. गोरा माणूस काळा, काळा केस पांढरा. गोदावैनी खिडकीशी पाटावर बसून, प्लेट उजेडाला धरून, टोकदार पेन्सिलीनं तिच्यावर बारीक ठिपके द्यायची. काचेवर पेन्सिलीचा काळा ठिपका पडला की कागदावर तिथली सावली पुसली जायची. सुरकुत्या जायच्या, डोळ्यांखालची जाग जायची. काळ्या शिशानं ती माणसं उजळ करायची आणि काम करताना तोंडातल्या तोंडात ओव्या म्हणायची. तिच्या आईनं जात्यावर शिकवलेल्या काही, काही तिच्याच.

मलाही वाटायचं, आम्ही तिघं मिळून माणसांचं भलं करतो. कुणाच्या अंगावर नसलेला कोट, कुणाच्या खिशात नसलेलं पेन आम्ही देतो. त्यात वाईट ते काय?

चारेक वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या पेठेतून वेंकोबा उभा राहिला.

तो आपणहून उभा राहिला नव्हता. त्याच्या गल्लीच्या टोकाला एकच नळ होता. तिथं पहाटेपासून बायकांच्या घागरींची रांग लागायची आणि नंबरावरून रोज भांडणं व्हायची. एकदा गल्लीतल्या एका घरची गर्भार सून ओल्या दगडावरून घसरली. तिचं मूल गेलं. त्यानंतर विठ्ठलाच्या देवळात भजन संपल्यावर सगळ्यांनी वेंकोबालाच धरलं. त्याला घरोघरी ओळखत होते. कारण तेव्हाची रीत अशी होती की लग्नघरी शिंपी महिनाभर ओसरीवर मशीन मांडून बसायचा. घरातले सगळे कपडे तिथंच शिवून व्हायचे, जेवणखाण तिथंच. पेठेतल्या किती ओसऱ्यांवर वेंकोबा असा बसला असेल. मुली त्याच्याकडून बाहुल्यांना झंपर शिवून घ्यायच्या. म्हाताऱ्या त्याला सुईत दोरा ओवून मागायच्या. तो नळ मिळवून देईल, असं त्यांना वाटलं. त्यालाही वाटलं. दुसरं काहीच त्याला नको होतं.

अडचण एवढीच, की दिवस लग्नसराईचे. एका लग्नघरी त्यानं शब्द देऊन मशीन नेलं होतं. नवरीचे कपडे पुरे झाल्याशिवाय शिंप्यानं उठायचं नाही, हे त्याच्या घरात वडिलांपासून चालत आलेलं. मतांसाठी दारोदार फिरायला तो आपल्या गल्लीपुरताच मोकळा होता. उरलेल्या पेठेचं काय, असं हयग्रीवरावानं विचारलं. वेंकोबा म्हणाला, “तिथं माझा फोटोचा छापील कागद जाऊ दे की माझ्या बदली. बघतील नि ओळखतील. त्यांना काय मी नवा आहे?”

म्हणजे सारं त्या कागदावरच्या फोटोवर येऊन ठेपलं.

तो लग्नघरूनच आला होता. गळ्यात टेप, कॉलरला सुई, कपाळाला बुक्का, दंडावर चिकटलेला लाल रेशमाचा धागा. हयग्रीवरावानं उजेड बघायला म्हणून त्याची एक प्लेट तशीच काढली. वेंकोबानं श्वास धरला नाही, हनुवटी वर केली नाही. सरळ समोर बघितलं, कुणाची तरी बाही मापात घ्यायची असल्यासारखं.

मग मला खुंटीवरून काढण्यात आलं. ज्यानं मला शिवलं, त्याच्याच अंगावर मी चढलो. हयग्रीवराव मागं उभा राहून नाड्या बांधत होता तेव्हा वेंकोबा हसत म्हणाला, “सुम्मने, उगाच ओढू नको रे, माझीच टीप उसवेल.” टेप निघाली, सुई निघाली, चष्मा आला, पेटा आला. दुसरी प्लेट निघाली.

दोन दिवसांनी त्यानं दोन्ही फोटो पाहिले आणि टेपवाल्यावर बोट ठेवलं. म्हणाला, हा मी. हाच छापखान्यात पाठव.

तो गेल्यावर नवरा-बायकोत बरीच बोलाचाली झाली. मी खुंटीवर होतो, सगळं ऐकलं. हयग्रीवरावाचं म्हणणं होतं, शिंप्याला शिवायला बोलावतात, नगरपालिकेत कुणी बसवत नाही. राज्य आता केवढं झालंय, कुठकुठली माणसं त्यात आलीत, आणि याच्या कपाळावर बुक्का बघून लोक म्हणतील हा त्याच्या गल्लीपुरता, मराठी बोलणाऱ्यांपुरता. माझा मित्र सगळ्यांचा दिसायला पाहिजे. मोठा दिसायला पाहिजे. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा, त्यानं जे केलं ते प्रेमानं केलं.

त्यानं कोटवाली प्लेट गोदावैनीपुढं ठेवली आणि सांगितलं, वण घालव, बुक्का घालव. ती कितीतरी वेळ पेन्सिल हातात धरून बसली. देवीचे वण पुसायला तिचा हात होईना. मग हळूच तिच्या ओठांवर आलं,

देवी येऊनिया गेली, गालावर तिचं बोट
बाई, कशी पुसू खूण, कशी घेऊ माथी खोट

ओवी संपली आणि तिनं पुसलं. एकेक वण ठिपक्यांनी भरत गेली. शेवटी बुक्काही. कपाळ कोऱ्या पाटीसारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वेंकोबा आला तेव्हा हयग्रीवराव म्हणाला, “ती प्लेट फुटली रे. धुताना हातातून निसटली. छापखान्याचा माणूस बसून होता, म्हणून दुसरी दिली.” हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. ती प्लेट त्या वेळी माझ्याच खाली, फळीवरच्या डब्यात, जुन्या फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेली होती. अख्खी.

गोदावैनी आतल्या दारात उभी होती. तिनं पदराचं टोक दातांत धरलं.

हयग्रीवरावानं नवा फोटो त्याच्या हातात दिला. वेंकोबानं तो उजेडाकडे नेला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग स्वतःच्या गालावरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं, त्याला फार वाईट वाटतंय. शेवटी तो एवढंच म्हणाला, “असू दे.” आणि लग्नघरी निघून गेला.

त्याच आठवड्यात त्याच्या विरोधातले कृष्णमूर्ती आले. त्यांची तांदळाची गिरणी होती, घरी मोटार होती. अंगावर त्यांचा स्वतःचा उंची कोट होता, पाठीसकट. तो त्यांनी काढून माझ्या शेजारच्या खुंटीवर टांगला. पिशवीतून एक जाडाभरडा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. दोन दिवस दाढी केली नव्हती. पडदा नको म्हणाले, नुसती भिंत चालेल. आणि हात जोडून, सरळ कॅमेऱ्याकडे बघत, ते शेजाऱ्यासारखं हसले.

तो उंची कोट आणि मी दुपारभर एका भिंतीवर होतो. त्याचा मालक त्याला उतरवून साधा दिसायला आला होता. माझा शिंपी मला चढवून मोठा झाला होता.

कागद छापून आले, भिंतींवर लागले. खाली वेंकोबाचं नाव आणि त्याची निशाणी, छत्री. पण मित्रांनो, त्या पेठेतल्या बायांना तेव्हा अक्षरं वाचता येत नव्हती. त्या चेहरा वाचायच्या.

आमच्या स्टुडिओच्या पायरीवर शांताक्का मोगरा विकायला बसायची. गजरे करताना तिचे हात चालायचे आणि तोंडही. वेंकोबावर तिची माया होती. तिच्या मुलीच्या लग्नात तो तिच्याच ओसरीवर बसून शिवून गेला होता, जावयाच्या अंगरख्याला त्यानं फुकट जरीचा काठ लावला होता. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, मोजणी व्हायची होती तेव्हा, वेंकोबा लग्नघरचं काम पुरं करून पायरीशी आला. शांताक्कानं त्याला थांबवलं. तिच्या बोलण्यातला अभिमान मला आतपर्यंत ऐकू आला.

“वेंकोबाण्णा, तुझा कागद कुठं दिसलाच नाही रे. मी सगळ्या भिंती बघितल्या. पण भिऊ नको. तुझ्याविरुद्ध तो छत्रीवाला उभा केलाय ना, कोट घातलेला, चष्मेवाला यजमान? त्याला आमच्या आळीतल्या एकीनंही मत दिलं नाही. मीच सांगितलं सगळ्यांना, आपल्या वेंकोबाला पाडायला आलाय तो, छत्रीला हात लावू नका. ओळखीची दुसरी खूण सापडेना, म्हणून मग त्या टॉवेलवाल्याला दिलं. तो तरी आपल्यातला दिसतो.”

आत हयग्रीवरावाच्या हातातून प्लेटा धुण्याची थाळी पडली. पाणी फरशीवरून वाहत माझ्या खुंटीखाली आलं.

बाहेर वेंकोबा बोलला, अगदी हळू.

“बरं केलंस, शांताक्का.”

त्यानं तिच्याकडून एक गजरा घेतला आणि निघून गेला. आत आलाच नाही.

तो सतरा मतांनी हरला. शांताक्काच्या आळीतच त्याहून दुप्पट बायका होत्या.

नळ सहा वर्षांनी आला. मधल्या उन्हाळ्यांत त्या रांगेत काय काय झालं, ते मी पायरीवरच्या बोलण्यातून ऐकत राहिलो. शांताक्काला पुढं कुणीतरी खरं सांगितलं. त्यानंतर ती आमच्या पायरीवर बसेनाशी झाली.

दोन मित्रांचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. रस्त्यात भेटले की नमस्कार व्हायचा, मुलाबाळांची चौकशी व्हायची. पण वेंकोबा स्टुडिओची पायरी पुन्हा चढला नाही आणि हयग्रीवरावानं त्याला कधी ‘शिंप्या’ म्हणून हाक मारली नाही. थट्टा संपली तिथं सगळं संपलं. हयग्रीवराव पुढंही फोटो काढत राहिला, मला माणसांच्या अंगावर चढवत राहिला. फक्त ‘पलीकडं बघा’ म्हणायची वेळ आली की तो नुसतं बोटानं दाखवायचा. आणि गोदावैनीनं त्यानंतर कुणाच्याही गालावरचा वण पुसला नाही. डोळ्यांखालची जाग पुसायची, पण वण आला की पेन्सिल खाली ठेवायची. ओव्याही थांबल्या.

मग रंगीत फोटो आले. माझा काळा रंग त्यांत विटका दिसू लागला. मग प्रत्येकाकडे कॅमेरा आला. पुढं कंप्युटर आला आणि कोट अंगावर चढवायचीही गरज उरली नाही, तो नंतर चिकटवता येऊ लागला. आता चौकाचौकांत घराएवढे चेहरे लागतात. कुणाच्याच गालावर वण नसतो. उन्हानं त्या फलकांचं कापड महिनाभरात फाटतं आणि भाजीवाल्या त्याखाली आडोसा करून बसतात. माझ्या बाह्या कसरीनं खाल्ल्या. पेनाचं टोपण कुठं पडलं, ते कळलं नाही. हयग्रीवराव अंथरुणाला खिळला, मग गेला. शेवटच्या दिवसांत तो सारखा एकच गोष्ट म्हणायचा, डबा कुठाय, डबा. मुलांना वाटायचं औषधाचा डबा मागतोय. गोदावैनीला कळायचं. पण तो गेल्यावरही ती प्लेट उचलून शिंप्याच्या घरी न्यायचं बळ तिला लगेच आलं नाही. तिनं ती माझ्यात गुंडाळली, नाड्या बांधल्या आणि आम्हाला ट्रंकेत ठेवलं. ज्याला पाठ नव्हती, त्या मला अशी पोटाशी धरायला काच मिळाली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात आम्ही दोघं कित्येक वर्षं पडून होतो. मी लोकांना कोटातला माणूस दाखवला होता आणि माझ्या कुशीत गळ्यात टेप असलेला माणूस होता.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. जाण्याआधी एक मागणं आहे. कुणाचा मोठा फोटो भिंतीवर दिसला तर घाईनं नमस्कार करू नका नि घाईनं तोंडही फिरवू नका. त्याची पाठ कशी असेल, ते एकदा मनात आणा. आणि तुमच्यातल्या कुणाच्या हाती पुढं पेन्सिल आली, किंवा चेहरे गुळगुळीत करणारं ते नवं यंत्र आलं, तर पुसण्याआधी त्या माणसाला विचारा. आपलं माणूस आहे म्हणून न विचारता पुसू नका. आपल्या माणसाला तर नक्की विचारा.

एवढं सांगून थांबलो असतो. पण एका रविवारी ट्रंक उघडली.

गोदावैनी आता वाकली होती. नातवाच्या गाडीतून ती मला मांडीवर घेऊन वेंकोबाच्या घरी आली. तो खाटेवर बसला होता, नजर बरीच अधू झालेली. त्याची नात रत्ना घरीच होती, ती हेब्बाळला कंपनीत जाते. गोदावैनीनं मला त्याच्या हातात ठेवलं. त्यानं बोटांनी माझी कड चाचपली, नाड्या चाचपल्या. मग टिपेवरून नख फिरवत म्हणाला, “अय्यो, ही तर माझी टीप.”

नाड्या सुटल्या, प्लेट बाहेर आली. काचेवरचं उलटं चित्र त्याला दिसेना. रत्नानं आपल्या फोनचा पडदा पांढरा केला, त्यावर प्लेट धरली, दुसऱ्या फोनमधून काहीतरी केलं आणि काळ्याचं पांढरं झालं. “आज्जा, इकडं बघ, तूच आहेस, हौदु, खरंच! केवढा स्मार्ट होतास. गळ्यात टेप बघ, नीडल पण दिसते.” चित्र तिनं मोठं करून त्याच्या डोळ्यांजवळ नेलं. गालावरचे वण एकेक दिसत होते. कपाळावर बुक्का होता. आणि तो सरळ समोर बघत होता.

गोदावैनीनं पन्नास वर्षं तोंडात धरलेलं एका दमात सांगून टाकलं. “वेंकोबाण्णा, प्लेट फुटली नव्हती. यांनी ठेवून घेतली. वण मी पुसले, बुक्का मी पुसला, या हातांनी. तुमची निवडणूक आम्ही घालवली. त्या बायांचं पाणी आम्ही तोडलं. हे बोलले नाहीत म्हणून मीही बोलले नाही.”

वेंकोबा रत्नाला म्हणाला, मशीनच्या खणातून, बॉबिनींच्या डबीखालचा कागद आण. तिनं आणला. घड्यांवर चिरत आलेला, पिवळा पडलेला. गोदावैनीनं तो उलगडला. त्यावर मी होतो. मी, पेटा, बिनकाचेचा चष्मा आणि त्यांच्यामधला गुळगुळीत गालाचा मोठा माणूस, कुठंतरी पलीकडे बघणारा. खाली छत्री.

“वैनी,” तो म्हणाला, “प्लेट फुटली नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. हयग्रीव माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघत होता. मी एक शब्द बोललो असतो तर त्यानं काढून दिली असती. छापखाना दोन गल्ल्यांवर होता. पण हा कागद हातात आला आणि मी बघतच राहिलो. सहाव्या वर्षापासून मी आरशात नुसता भांग बघत आलो, वैनी, खाली बघितलंच नाही. यात माझा गाल सपाट होता. देवी आल्या नसत्या तर मी असा दिसलो असतो, माझ्या आईनं असा बघितला असता. मला तो चेहरा आवडला. नळापेक्षा, शांताक्कापेक्षा आवडला. म्हणून ‘असू दे’ म्हणालो. आणि तो बिचारा, स्वतः घालवलं समजून, मरेपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा देऊ शकला नाही.”

त्यानं माझी उघडी पाठ दोन्ही हातांनी जवळ आणली, जणू शिवायचीच आहे.

“मलाही तेच पाहिजे होतं, हे मी त्याला सांगायला हवं होतं.”